काका, व्हर्लँडर गेला त्या रात्री मीही जागाच होतो

काका म्हटलेलं चालेल ना? तुम्ही नाव दिलेलं नाही. पण सत्तरच्या दशकात मिशिगनला आलात आणि १९८४ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका) जुन्या टायगर स्टेडियममध्ये बसून पाहिलीत असं लिहिलंय, म्हणजे नात्यातलेच झालात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या बेसबॉल संघाने, डेट्रॉईट टायगर्सनी, २०१७ साली आपला नामांकित पिचर (चेंडू टाकणारा) जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनच्या संघाला देऊन टाकला ते बरंच केलं. पुढची वाईट वर्षं आपण चाहत्यांनी धीराने काढली आणि त्या धीराचं फळ म्हणून आज पिचर तारिक स्कूबल आपल्याकडे आहे. तेव्हा स्कूबल करार वाढवायला तयार नसेल तर २०२६ च्या मोसमाआधी त्यालाही विकून मोकळं व्हावं. त्यावर लान्सिंगहून काकांनी माझी सालटी काढली आहेत. त्यांचं म्हणणं असं: संघाचा मालक म्हातारा इलिच जिवंत असता तर व्हर्लँडर गेलाच नसता. त्याच्या बदल्यात हाती लागला एक कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा). स्कूबलचा त्या सौद्याशी काडीचा संबंध नाही. आणि मी चाहता उरलेलो नसून मालकाचा मुनीम झालोय. "तुमच्या लेखात आकडे आहेत, माणूस नाही," हे शेवटचं वाक्य वाचल्यावर दोन दिवस उत्तर लिहायला बसलो नाही. आज बसलोय.

स्कूबलबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आदल्या मोसमात जास्त हरलेल्यांना आधी संधी) तो नवव्या फेरीत आला. सिॲटल विद्यापीठाचा डावखुरा, कोपराची शस्त्रक्रिया झालेला. नवव्या फेरीपर्यंत सगळ्याच संघांनी त्याला अनेकदा सोडलं होतं, त्यात आपणही आलो. व्हर्लँडर डेट्रॉईटमध्येच असता आणि आपण आणखी दहा सामने जिंकलो असतो, तरी स्कूबल आपल्याला मिळू शकला असताच. हरण्याच्या बदल्यात खरोखर जे मिळालं ते केसी माईझ (२०१८ चा पहिला), रायली ग्रीन (२०१९ चा पाचवा) आणि स्पेन्सर टॉर्कल्सन (२०२० चा पहिला). तिघंही आज कामाचे आहेत, पण माईझला ऑल-स्टार व्हायला २०२५ उजाडलं. लॉटरी लागल्यावर "मी किती धीराने तिकीट सांभाळलं" असं सांगत फिरणाऱ्या माणसासारखं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

सौद्याचंही तसंच. फ्रँकलिन पेरेझ हा व्हर्लँडरच्या बदल्यात आलेल्या तिघांतला हिरा म्हणून सांगितला गेला होता. दुखापतींनी त्याला असं पछाडलं की मेजर लीगमध्ये त्याने एक चेंडूही टाकला नाही. डॅझ कॅमरन आला, थोडा खेळला, गेला. उरला जेक रॉजर्स, मिशीवाला. त्याच्याकडे परत येतो.

पण म्हाताऱ्या इलिचबद्दल मात्र काका, तुमच्या आठवणीने जरा गोड चित्र रंगवलंय. माईक इलिच वारले फेब्रुवारी २०१७ मध्ये. पिझ्झाच्या धंद्यातला पैसा त्यांनी या संघावर मनापासून उधळला, त्यांचं ऋण आहेच. तरीही ३० जुलै २०१५ ला पिचर डेव्हिड प्राईसला टोरोंटोला विकलं ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि आठवडाही उलटायच्या आत तो सौदा करणाऱ्या डेव्ह डोम्ब्रॉव्स्कींना निरोप दिला तोही त्यांनीच. नंतरच्या हिवाळ्यात पुन्हा थैल्या मोकळ्या सोडल्या: पिचर जॉर्डन झिमरमनला पाच वर्षांचे ११ कोटी डॉलर, फलंदाज जस्टिन अप्टनला सहा वर्षांचे १३ कोटींहून जास्त. म्हाताऱ्याला मरायच्या आधी एकदा वर्ल्ड सिरीज जिंकायची होती. २००६ ला हुकली, २०१२ ला हुकली. त्याच्या घाईला मी नावं ठेवत नाही, मीही त्या घाईत सामील होतो.

त्या घाईत बियाणं मात्र दळून खाल्लं गेलं. पिचर रॉबी रे आपल्याकडे होता, डिसेंबर २०१४ मध्ये गेला, २०२१ ला टोरोंटोकडून साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकला. युजेनियो सुआरेझ त्याच महिन्यात सिनसिनाटीला गेला, आल्फ्रेडो सिमोन नावाच्या पिचरच्या बदल्यात. सुआरेझने २०१९ मध्ये ४९ होमरन मारले. सिमोनबद्दल मी काही लिहीत नाही, तुमचं रक्तदाब वाढायचं वय आहे. तर २०१७ च्या उन्हाळ्यात व्हर्लँडर ३४ चा होता, आपला तारा फलंदाज मिगेल काब्रेरा ३४ चा होता आणि मागच्या फळीत कणगी रिकामी होती. ख्रिस इलिचने किल्ल्या हातात घेतल्या तेव्हा घरात फक्त उधारीची वही होती. बाप देणी ठेवून गेला की पोराला बोल लावणं सोपं असतं.

आता माणूस म्हणालात त्याबद्दल.

३१ ऑगस्ट २०१७. गणपतीचे दिवस. आमच्याकडे दहा दिवसांचा असतो. आरतीला आलेली मंडळी गेल्यावर मी उरलेली उसळ डब्यात भरत होतो, फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तेव्हा ऑगस्ट संपेपर्यंत काही अटींवर सौदे करता यायचे (२०१९ पासून ती सोय बंद झाली). अप्टन एंजल्सला गेल्याची बातमी आधीच आली होती. ह्यूस्टनशी बोलणी फिसकटली असंही कुणीतरी म्हणत होतं. बारा वाजले, काही आलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, दिवे मालवले आणि जिन्यावर असताना फोन थरथरला. मुदत संपायला काही सेकंद असताना सौदा नोंदवला गेला होता. माझा चेहरा बघून बायको उठून बसली. "कोण गेलं?" म्हणाली. मी म्हटलं, "व्हर्लँडर." "मग ठीक आहे," म्हणून ती कुशीवर वळली.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रतिक्रियेत निसटली. व्हर्लँडरला 'नाही' म्हणायचा हक्क होता. करारात होता आणि इतकी वर्षं एकाच संघात काढल्याने नियमानेही होता. तो 'हो' म्हणाला. त्याला विकला म्हणताना आपण त्याच्या तोंडचा हा शब्द गिळून टाकतो. पुढे ह्यूस्टनसाठी त्या मोसमात पाच सामने, पाचही जिंकले. १ नोव्हेंबरला तो वर्ल्ड सिरीज विजेता होता. दोन महिने! आपल्याकडे तेरा मोसम आणि तिकडे दोन महिने. खरं सांगू? माझा राग सौद्यावर कधीच नव्हता. राग या दोन महिन्यांवर होता.

(त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गंमत. जनरल मॅनेजर ॲल अविला यांनी शिकागो कब्जला जो कॅचर दिला तो त्यांचा सख्खा मुलगा, ॲलेक्स. पोटच्या पोराचा सौदा करून आलेल्या माणसाशी तुम्ही आम्ही व्हर्लँडरवरून काय भांडणार? बदल्यात आलेल्यांपैकी इसाक पारेदेसही पुढे टाम्पा बेला देऊन टाकला, आणि तिथे त्याने २०२३ मध्ये ३१ होमरन मारले. अविलांचं हे माप मात्र त्यांच्या पदरात घालाच, मी आड येणार नाही.)

त्यानंतरच्या वर्षांना मी 'धीराची' म्हटलं. धीर कसला, सवय होती. २०१९ ला ४७ विजय, ११४ पराभव. घरच्या मैदानावर २२ जिंकले, ५९ हरले. सप्टेंबरात एका मंगळवारी मी मुलाला घेऊन गेलो होतो. कोमेरिका पार्कच्या दारातले ते अजस्र वाघ तसेच जबडे वासून उभे, आत मात्र कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आदळल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. २०१३ साली ३० लाखांवर माणसं आली होती त्या मैदानात, २०१९ ला त्याच्या निम्मी. मुलगा पाच वर्षांचा. चौथ्या इनिंगपासून चेंडूच्या आकाराच्या पाळण्यांत बसायचं म्हणून हट्ट धरून होता. आम्ही पाळण्यातच बसलो. त्याच मोसमात व्हर्लँडर साय यंग जिंकला.

आता माझ्याच मुद्द्याला सुरुंग लावतो. काब्रेरा गेला नाही. त्याचा करार इतका मोठा होता, २०१४ साली आठ वर्षांचे २४.८ कोटी डॉलर वाढवून दिलेला, की त्याला घेतंय कोण. २०१७ पासून निवृत्तीपर्यंत एकाही मोसमात २० होमरन नाहीत. हिशेबाच्या वहीत शुद्ध तोटा. २३ एप्रिल २०२२ ला आम्ही मैदानात होतो, सांगलीहून वडील आलेले. काब्रेराने उजव्या बाजूला एक साधा फटका मारला, पहिल्या बेसवर पोचला आणि सगळं मैदान उभं राहिलं. वडील म्हणाले, "काय झालं? एकच रन?" मी म्हटलं, "रन नाही बाबा, हिट. तीन हजारावी." शेजारी एक आजोबा रडत होते. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेही उभे राहिले. तो फटका कुठल्या रकान्यात टाकायचा ते मला आजही कळलेलं नाही, आणि तुमच्या 'माणूस नाही' या वाक्याला मी तिथे शरण आलो.

तरी व्हर्लँडरला ठेवायला हवं होतं, हे मला पटत नाही. त्याच्यात अजून दोन साय यंग शिल्लक होते. ते ११४ पराभवांच्या संघात कुजवून आपण कुठलं प्रेम सिद्ध केलं असतं?

आणि तारे विकून तरुण पोरं जमवायच्या पुनर्बांधणीची खात्री कुणी देऊ नये हे मी शिकलो ते २७ सप्टेंबर २०२४ ला. त्या संध्याकाळी समोर शिकागो व्हाईट सॉक्स होते. काका, त्यांनीही आपल्यासारखंच केलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये पिचर ख्रिस सेल बॉस्टनला दिला, पुढच्या जुलैत दुसरा पिचर होझे क्विंतानाही दिला. बदल्यात आपल्यापेक्षा कितीतरी सरस पोरं मिळवली होती, तेव्हा सगळे त्यांना शहाणे म्हणत होते. २०२० आणि २०२१ ला प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) गाठली, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत घरी. आणि आता तो मोसम. आपण ४-१ ने जिंकलो. आपली दहा वर्षांतली पहिली प्लेऑफ त्या विजयाने पक्की झाली, आणि त्याच सामन्यात त्यांचा १२१ वा पराभव नोंदला गेला, आधुनिक बेसबॉलमधला विक्रम. एकाच औषधाचे दोन रोगी एका मैदानात. एक उठून नाचत होता, दुसरा खाली मान घालून बॅटा गोळा करत होता. आपलेही ऑगस्टमध्ये ५५ विजय, ६३ पराभव होते आणि जुलैच्या शेवटी आपण पिचर जॅक फ्लॅहर्टीला डॉजर्सला विकून बसलो होतो, हे लक्षात घ्या. त्यानंतर ३१ विजय, १३ पराभव असं कुणाच्या नियोजनात लिहिलेलं होतं?

चार दिवसांनी ह्यूस्टनमध्ये प्लेऑफचा पहिला सामना. स्कूबलने सहा इनिंग एकही धाव दिली नाही, आणि पाठीमागे बसून चेंडू झेलत होता जेक रॉजर्स. डगआउटमध्ये आपला मॅनेजर एजे हिंच, जो २०१७ ला ह्यूस्टनचा मॅनेजर होता. मी मुलाला सांगितलं, "तो मिशीवाला बघ. व्हर्लँडरच्या बदल्यात आपल्याला तो मिळाला." मुलगा दहा वर्षांचा झाला होता, व्हर्लँडर त्याच्या लेखी ह्यूस्टनचाच. त्याने थोडा विचार केला. "फक्त तो?"

तुम्हाला प्रतिक्रियेत जे पाच परिच्छेद लागले ते त्याने दोन शब्दांत आटोपलं.

राहिला स्कूबल. माझं मत मी बदललंय आणि त्याला तुम्ही थोडे कारण आहात. २०१७ चा संघ संपलेला होता, म्हणून विकणं रास्त होतं. २०२५ चा संघ संपलेला नाही. आघाडी क्लीव्हलँडला घालवली हे खरं, शेवटचा महिना बघवत नव्हता. पण त्याच क्लीव्हलँडला प्लेऑफमध्ये घरी पाठवलं आणि सिॲटलला नेहमीच्या नऊऐवजी १५ इनिंग झुंजवलं. त्या सामन्यात स्कूबलने १३ जणांना बाद केलं, आणि २०२५ मध्ये पुन्हा साय यंग घेतला. अशा पिचरला एक वर्ष आधी विकून वीस वर्षांच्या तीन पोरांची नावं पाठ करायची माझी तयारी नाही. २०२६ नंतर करार संपून तो फुकटात गेला तर जाऊ दे. खेळाडूंना जास्तीत जास्त पैसा मिळवून देणारा बोरास त्याचा एजंट आहे म्हणजे जाईलच बहुधा. तेव्हा मला हिशेबनीस म्हणायला या, दार उघडं आहे.

आणि हो, चूक दाखवलीत त्याबद्दल आभार. २०१९ चे पराभव मी ११९ लिहिले होते, ते ११४ च. ११९ हा २००३ चा आकडा, ज्या वर्षी शेवटच्या सहापैकी पाच सामने जिंकून १२० टाळले. लेखात दुरुस्ती करून ठेवली आहे. तुम्ही म्हणता तो शेवटचा आठवडा तुम्ही मैदानात बसून पाहिलात, तर त्यावर सवडीने लिहा. इथेच लिहा, मी वेगळा लेख म्हणून लावतो.