दाजी, बाळू आणि उभ्या रेघा

जावयाला सासरी एकच काम असतं: नको नको म्हणत खाणं. माझ्या वाट्याला दुसरंही आलं, कारण मी कंप्युटरमधला.

मेहुण्याचं कराडला किराणा दुकान आहे. मुदत संपलेला माल निवडून एजन्सीला परत पाठवायचं काम त्याला दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं. होळीला गेलो तेव्हा तो म्हणाला, "दाजी, दुकानातला बाळू रॅकचे फोटो काढंल. तुमचा प्रोग्राम बारकोड वाचून रॅकच्या ओळीनं यादी करंल. एवढं तर हुईल की?" सासूबाई नेमक्या दुसरी पोळी वाढत होत्या. तोंडात पुरण असताना माणसाला फक्त हुंकार देता येतो, आणि सासरी हुंकार म्हणजे होकार.

पुण्यात पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर ६२ फोटो येऊन पडले होते.

वाचण्याचं मला टेन्शन नव्हतं. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आहे, बारकोड वाचणारी झीबार नावाची फुकटातली लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्राम आहे, चार ओळी लिहिल्या की झालं. पण व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, आणि मग बारक्या रेघा एकमेकींत मिसळून जातात. वेफर्सच्या पाकिटावर ट्यूबलाइट चमकत होती, शेवयांच्या पाकिटाला नेमकी बारकोडावर घडी, आणि नऊ फोटोंत बाळूचा अंगठा. बारकोडाच्या दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा लागते, नाहीतर तो कुठं सुरू होतो हेच यंत्राला कळत नाही. बाळूचा अंगठा कायम त्या कोऱ्या जागेवरच.

नॉर्मन वुडलंड या अमेरिकन गृहस्थांना बारकोड सुचला तो मायामीच्या किनाऱ्यावर, वाळूत बोटांनी रेघा ओढताना. १९५२ साली पेटंट मिळालं. दुकानात पहिल्यांदा असा बारकोड वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावात, च्युइंगगमच्या पुड्यावर. त्यांना वाळू भेटली, मला बाळू.

त्यात एक फोटो असा आला की प्रोग्रामनं भलताच नंबर काढला. किराण्याच्या बारकोडात तेरा आकडे असतात. आपल्या देशात नोंद झालेल्या कंपनीचा असेल तर सुरुवातीला ८९०, आणि शेवटचा आकडा ताळ्याचा. एकाआड एक आकडे तीननं गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची, आणि ती दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. वाचनात चूक झाली की सहसा ताळा बसत नाही. हा नंबर मात्र सहाच आकड्यांचा, खोक्यांवर असतो त्या जातीचा, आणि त्या जातीत ताळा सक्तीचा नाही. फोटो मोठा करून पाहिला. काचेच्या कपाटात बाळूचं प्रतिबिंब पडलं होतं, अंगात उभ्या पट्ट्यांचा टी-शर्ट. प्रोग्रामनं बाळूलाच मालात धरलं होतं.

तेही निस्तरलं. खरी गंमत क्रम लावताना झाली.

लायब्ररी बारकोड देते ते तिला सापडतील तसे. प्रत्येकाबरोबर तो फोटोत किती वर आणि किती डावीकडे आहे तेवढं सांगते. मी म्हटलं, वरून खाली लावू. पण बाळूनं फोन जरा तिरका धरलेला, त्यामुळं एकाच फळीवरचा तिसरा पुडा पहिल्याच्या आधी आला. मग दर २०० पिक्सेलला एक ओळ ठरवली. तर १९९ वरचा पुडा एका ओळीत आणि २०१ वरचा त्याचा सख्खा शेजारी खालच्या. पंगतीत कुणी पाट जरा मागं सरकवला म्हणून तो दुसऱ्या पंगतीतला होतो का? वाढप्याला हे सांगावं लागत नाही. प्रोग्रामला सांगायला मला शनिवारची रात्र लागली: आधी उंचीनं लाव, मोठी फट दिसली की नवी पंगत धर, मग पंगतीतल्या पंगतीत डावीकडून उजवीकडे.

यादी काढली. रॅक १ नंतर रॅक १०, मग ११, १२ आणि मग रॅक २! फाइलींना नावं मीच प्रेमानं दिली होती, आणि प्रोग्राम नावातले आकडेही अक्षरांसारखेच एकेक करून बघतो, म्हणून १० आधी आणि २ नंतर. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, तरी फसलो.

रविवारी सकाळी यादी पाठवली. फोन आला. "दाजी, सगळ्या मालाचा नंबर एकच कसा?" त्यानं ती एक्सेलमध्ये उघडली होती. तिथं तेरा आकड्यांचं झालं होतं ८.९०ई+१२, लांबलचक आकडा एक्सेल असा आखडून दाखवतं, आणि खाली रांगेनं तेच. पठ्ठ्यानं वर सेव्हही केलं, म्हणजे मूळ आकडेही गेले. मी नंबर मजकूर म्हणून बसवून दुसरी फाइल पाठवली. मेहुणा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "झ्याक. आता ह्यात तारीख कुठं बघायची?"

"कसली तारीख?"

"मुदत संपल्याची."

किराण्याच्या पाकिटावरच्या बारकोडात तारीख नसते. कोणता माल, एवढंच असतं. तारीख वेगळी छापलेली असते, पाकिटाच्या तळाला किंवा शिवणीवर, आणि ती ६२ फोटोंतल्या एकातही नव्हती. ज्या कामासाठी यादी हवी होती ते सोडून बाकी सगळं तिच्यात होतं.

"असू द्या दाजी," मेहुणा म्हणाला, जावयाशी बोलतात त्या सुरात. पलीकडून बाळूचा आवाज येत होता. एकेक पाकीट उलटं करून तो तारखा ओरडून सांगत होता आणि मेहुणा वहीत लिहून घेत होता. रॅक १, मग रॅक २.