चक्कर कुणाच्या हद्दीत?

पहाटे साडेपाचला मी उजव्या कुशीवर वळलो आणि बेळगावातलं आमचं वडगाव फिरायला लागलं. पंखा बंद होता, पण पंख्यासकट छत फिरत होतं, छतामागे कपाट, कपाटामागे भिंतीवरचं कॅलेंडर. एकाच महिन्याची एकादशी माझ्यासमोरून चार वेळा गेली. मी एका हातानं पलंग आणि दुसऱ्यानं भिंत धरली.

"भिंत कशाला धरूलालासा?" हिनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"भूकंप झाला."

"मग माझं दूध कसं सांडलं नाही?"

तोवर भूकंप थांबलाही होता. अर्धं मिनिट, फार तर. उठलो, दात घासले, चहा प्यालो, सगळं जागच्या जागी. विसरूनही गेलो असतो, पण अकरा वाजता सोसायटीत वरच्या फळीवरचं जुनं लेजर काढायला मान वर केली आणि सोसायटीनंही एक गिरकी घेतली. मी तिथला कॅशियर. कॅशियरनं हातात नोटांची थप्पी घेऊन डुलणं ठेवीदारांना बरं दिसत नाही.

आमच्या आजोबांच्या काळी हे सोपं होतं. बारीकसारीक दुखण्याला गल्लीतले डॉक्टर, आणि त्यांनी हात टेकले की मिरज. मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ साली तिथं इस्पितळ उभारलं तेव्हापासून बेळगावची माणसं रेल्वेत बसून मिरजेला जात आली. "मिरजेला नेलंय" एवढं ऐकलं की गल्ली काय ते समजायची. वैद्यकशास्त्राच्या शाखा दोनच, गल्ली आणि मिरज. आता तेवढं लांब जावं लागत नाही. सगळ्या शाखा बेळगावातच आल्यात आणि एकेका शाखेला डहाळ्या फुटल्यात. डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचे वेगळे, काचबिंदूचे वेगळे. हाडांत गुडघेवाले खांद्याला हात लावत नाहीत. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमडी, त्यावर आणखी तीन वर्षं डीएम. एवढं शिकून माणूस एका अवयवापाशी पोचतो. माझी अडचण अशी की चक्कर हा अवयव नाही.

पहिल्यांदा फिजिशियन. टोकन सदतीस. बाहेरची मुलगी कानडीत आकडे पुकारत होती आणि शेजारी बसलेल्या खानापूरकडच्या आजींना कानडी येत नव्हतं, त्यामुळे त्या प्रत्येक आकड्याला उठून उभ्या राहायच्या. "आजी, तुमचा नंबर अजून लांब आहे," असं सांगायला मी वर बघायचो, आणि आजी, पंखा, भिंतीवरचं हृदयाचं चित्र सगळे एक फेरी मारून यायचे. शेवटी मी त्यांच्या पायांकडे बघून बोलायला लागलो. "मूवत्तेळु" झालं आणि आजींच्या आधी मी उठलो.

"तली तिरगतैतेन्री?" डॉक्टरांनी कानडीत विचारलं, म्हणजे डोकं फिरतंय का.

"होय की. उजव्या कुशीवर..."

"बीपी बघू." आणि ते मराठीत आले. बेळगावात हे चालायचंच, एका वाक्यात आम्ही दोनदा हद्द ओलांडतो. बीपी निघालं १४६ बाय ९०. साखर काठावर. गोळी सुरू झाली, कुंदा बंद झाला. माझ्या आयुष्यातला कुंदा बंद होणं ही काय लहान घटना आहे? सोसायटीत कुणाला नात झाली, कुणाची गाडी आली, की कॅशियरच्या टेबलावर पहिला पुडा उघडतो. तो आता माझ्यासमोरून शिपायाकडे जाऊ लागला. चक्कर होती तशीच.

"चक्कर म्हणजे एकदा हृदय बघून घ्या," म्हणून कार्डिओलॉजिस्ट. ईसीजी, टू-डी इको आणि शेवटी चोवीस तासांचा होल्टर. म्हणजे छातीवर चिकटवलेल्या पाच-सहा वायरी, कमरेला एक डबी, आणि दिवसभरात काय केलं त्याची वेळेसकट डायरी. रजा शिल्लक नव्हती, म्हणून मी तसाच सोसायटीत गेलो. सदऱ्याच्या दोन बटणांमधून एक लाल वायर बाहेर आली होती, ती मला दिसली नाही. एका कर्जदारानं ती पाहिली. हप्ता थकलेला माणूस मुळातच चौकस असतो. तो आल्या पावली मागे सरकला, मॅनेजरांच्या केबिनमध्ये डोकावला आणि हळूच म्हणाला, "लोकायुक्तवाले आलेत काय ओ? कॅशियरला मशीन लावलंय." त्या दिवशी काउंटरवर सगळे माझ्याशी फार स्वच्छ मराठीत बोलले. तीन वर्षांपासून थकलेला एक हप्ताही भरला गेला. होल्टरचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. हृदय मात्र ठणठणीत निघालं, आणि एवढे पैसे खर्चून ठणठणीत निघाल्याचं दुःख काय असतं ते फाइल घेऊन फिरणाऱ्यांनाच कळेल.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघता माझ्या मणक्यांशी बोलले. "झीज आहे." पन्नाशीत कुणाची नसते, पण तसं म्हटलं नाही. गळ्यात पट्टा आला. आणि गंमत म्हणजे चक्कर थांबली! पट्ट्यामुळे मान वर होत नव्हती, मान वर होत नव्हती म्हणून सोसायटी फिरत नव्हती. डॉक्टर खूश, मी खूश. रात्री पट्टा काढून उजव्या कुशीवर वळलो आणि वडगाव पुन्हा निघालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना पाव नंबर सापडला. रक्तात बी-१२ कमी सापडलं. मग न्यूरोलॉजिस्ट. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी मला एका रेषेत चालवलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली आणि एमआरआय लिहून दिला. त्या बोगद्यात माणसं घाबरतात म्हणे, आवाजाला. आता वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटात पाळण्यापासून वाढलेल्या माणसाला कसला आवाज सांगता? मला तिथं इतकी गाढ झोप लागली की तंत्रज्ञ आत येऊन म्हणाला, "अण्णा, घोरू नका, डोकं हलतंय." मेंदूत काही नव्हतं. हे ऐकून ही एवढंच म्हणाली, "त्याला एमआरआय कशाला?"

पाच आठवडे झाले. फाइल साडीच्या दुकानाच्या मोठ्या पिशवीत मावेनाशी झाली. प्रत्येकाला आपापल्या शेतात काहीतरी सापडलं होतं. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी व्हावी तसं अंग वाटलं गेलं होतं, छाती एकाकडे, मान दुसऱ्याकडे, डोळे तिसऱ्याकडे. चक्कर कुणाच्याच उताऱ्यावर नव्हती. हाडवाले म्हणत, हे मेंदूकडे येतं. मेंदूवाले म्हणत, मानेचं असावं. मी मनात म्हटलं, हे आपल्या ओळखीचं आहे. १९५६ साली राज्यांच्या वाटणीत आमच्या बेळगावचं असंच झालं. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा, खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात. माझी चक्कर त्या मानानं तरुण होती, आणि तारखा तर मला भराभर मिळत होत्या.

निकाल लागला तो खडे बाजाराच्या मागच्या गल्लीत, सलूनमध्ये. इतके दिवस घरीच आरशात बघून दाढी करत होतो. त्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला जायचं म्हणून सलूनवाल्या मामांकडे गेलो. मामांनी खुर्चीची पाठ खाली केली, माझं डोकं मागे टेकवून उजवीकडे कलतं केलं, साबण लावला, आणि मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

मामांनी वस्तरा बाजूला ठेवला. "डोळे उघडा बघू, अण्णा."

उघडले.

"बुबुळं नाचूलाल्यात तुमची. मान मागं टाकली की होतंय काय? आणि कुशीवर वळलं की?"

पाच आठवड्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी साबणासकट होय म्हटलं.

"कॅम्पातल्या एका साहेबांना असंच हुतं. ह्याच खुर्चीत. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी डोकं इकडं-तिकडं वळवलं, गोळी नाही का सुई नाही. कानाकडं जावा."

कान! तो तर दुखतही नव्हता. पण मामांचा अधिकार नाकारता येत नाही. इंग्लंडात १५४० साली राजानं न्हावी आणि शस्त्रक्रिया करणारे यांची एकच कंपनी केली होती. दोनशे वर्षं दोघं एकाच छताखाली होते, १७४५ साली सर्जन वेगळे झाले. तिथं सर्जनला अजून डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात. वाटणीत वस्तरा एकाकडे गेला आणि सुरी दुसऱ्याकडे. प्रश्न विचारायची सवय वस्तऱ्याबरोबर गेली असावी.

"मी येतो संगट," ही म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'येतो'च म्हणतात. पुण्याची मामेबहीण अजून दचकते.) टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला दहा मिनिटं अडकलो आणि पोचलो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. मी साडीची पिशवी टेबलावर ठेवली. तिनं ती उघडलीसुद्धा नाही. मला त्याचा थोडा रागच आला, केवढ्याची पिशवी होती ती!

"काका, चक्कर किती वेळ राहते?"

"अर्धं मिनिट."

"आणि कशानं येते?"

सांगितलं. तिनं मला टेबलावर बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे अर्धवट वळवलं आणि एकदम मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबेल असं. अगदी मामांची खुर्ची, फक्त साबण नाही. दोन क्षण काही नाही. मग टिळकवाडी सुटली. "डोळे मिटू नका, माझ्या नाकाकडे बघा," ती म्हणाली. नाक एक असतं तर बघितलं असतं. चक्कर ओसरेपर्यंत तिनं तसंच धरून ठेवलं. मग हळूहळू डोकं डावीकडे वळवलं, थांबली. मग म्हणाली, "आता अख्खे डाव्या कुशीवर वळा, नाक जमिनीकडे." तिथं पुन्हा थांबली. मग पाय खाली सोडून उठवून बसवलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नसतील.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"खडा होता काका. जागेवर गेला."

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात. त्यांच्या शेजारच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, बारीक स्फटिक चिकटून बसलेले असतात. वयानं म्हणा, कुठं डोकं आपटल्यानं म्हणा, काही स्फटिक सुटतात आणि बहुतेकदा मागच्या नळीत शिरतात. मान वळली की ते नळीतल्या पाण्यात घरंगळतात आणि मेंदूला वाटतं घर फिरलं. डोकं ठरावीक क्रमानं वळवलं की ते आल्या वाटेनं बाहेर पडतात. लहानपणी पत्र्याच्या डबीतली गोळी भोकातून भोकात न्यायचा खेळ होता, तोच. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची ही युक्ती, त्यांचा लेख १९९२ सालचा. त्याच्या कितीतरी आधी व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानात गार पाणी घातलं की माणसाला चक्कर का येते याचा छडा लावला. त्यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. कुणाच्या हद्दीत नसलेलं दुखणं शोधणाऱ्या माणसाला बातमी भलत्याच हद्दीत मिळाली.

सव्वीस वर्षं खडे बाजारातल्या सोसायटीत बसतो आणि पुन्हा असल्या फंदात पडायचं नाही म्हणून कानाला खडा कितीदा लावलाय. एखादा आत राहिला असेल.

फी मी आधीच्या पावत्यांच्या अंदाजानं काढून ठेवली होती. तिनं सांगितलेला आकडा ऐकून ही म्हणाली, "बाई, अजून एकदा फिरवा हवं तर." डॉक्टर हसली. पुन्हा झालं तर यायला सांगितलं, हे परत होऊ शकतं म्हणाली.

त्या रात्री उजव्या कुशीवर वळलो. वडगाव जागेवर होतं. इतकं जागेवर होतं की झोप येईना.

रविवारी कुंद्याचा पुडा घेऊन मामांकडे गेलो. खुर्ची खाली झाली, डोकं मागं गेलं, छतावरचा कोळी आपल्या जाळ्यात निवांत बसलेला दिसला. मामांनी साबण लावला, वस्तरा हनुवटीखाली टेकवला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही एवढे दवाखाने फिरलासा. माझी कंबर धरूलालीय बघा. कुणाला दाखवू?"

मी तोंड उघडलं. आधी फिजिशियन, मग एक्स-रे, हाडवाले बघतील, नाही तर मज्जातंतूवाले, पिशवी मोठी घ्या, इथपर्यंत आलो आणि मामांचा हात थांबला. वस्तरा गळ्यावर तसाच होता. गळा कानवाल्यांच्याच हद्दीत येतो एवढं मला आता पाठ आहे, पण रविवारी त्यांचा दवाखाना बंद असतो. मी गप्प बसलो.