कार्डाने एरर दिला की फॉरमॅट मारू नका

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड करप्ट झालं तर काय करायचं, याचे उपाय सांगणारा एक मेसेज सध्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की एरर आला की बिनधास्त फॉरमॅट मारा, पाच-दहा फोटो काढून कार्ड ‘जागं’ करा आणि मग फोटोरेक हे गेलेल्या फाइली परत काढणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. डिस्क तपासणारं विंडोजचं चेकडिस्क चालवा, त्याने काही बिघडत नाही. नाहीच जमलं तर कार्ड रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. लॉक लावलेल्या कार्डाला कसलाच धोका नाही. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा. आणि ब्रँडेड कार्ड कधी दगा देत नाही, त्यामुळे दोन कार्डांवर शूट करायची गरज नाही.

असले मेसेज रोज येतात, मी वाचून सोडून देतो. पण माझा भाचा लग्नाची कामं घेतो, आणि हळदीच्या रात्री त्याचा फोन आला, “मामा, कार्ड एरर मारतंय. मेसेजमध्ये दिलंय तसं फॉरमॅट मारू का?” गिऱ्हाइकाचा अख्खा दिवस त्या कार्डावर होता.

सगळ्यात घातक उपाय हा पहिलाच, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

एक गोष्ट मान्य करतो. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा फोटो पुसत नाही, कोणती फाइल कुठे आहे याची यादी तेवढी पुसतं. त्यामुळे चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डावरून फोटो परत मिळतात, हे खरं आहे. पण ‘चुकून झालं तरी मिळू शकतं’ यावरून ‘मुद्दाम करा’ कसं निघतं? काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’चा पर्याय असतो. तो निवडलेला असेल तर कॅमेरा यादीवर थांबत नाही, कार्डच पुसून काढतो.

खरा घात पुढच्या पायरीत आहे. फॉरमॅट झालं की कॅमेऱ्याच्या लेखी कार्ड कोरं असतं आणि नवे फोटो तो सहसा सुरुवातीच्या जागेपासून लिहितो. तिथेच तुमचे दिवसाचे पहिले फोटो असतात. नवे फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ मोठ्या फाइलींत काढले आणि एक फाइल साधारण २५ ते ३० एमबीची धरली, तर दहा फोटो म्हणजे २५० ते ३०० एमबी. जुने फोटो ८-१० एमबीच्या जेपेगमध्ये असतील तर त्यातले तीसेक त्याखाली गेले. दुपारी अक्षता टाकतानाचे फोटो कदाचित मिळतील, पण सकाळचे देवक आणि पुण्याहवाचन गेलंच. ओव्हरराइट झालेली, म्हणजे वरून नवं लिहिलं गेलेली जागा कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, विकतचंही नाही.

मेसेजमध्ये ज्या फोटोरेकचं नाव घेतलंय, त्याची माहिती तरी लिहिणाऱ्याने उघडून बघायची होती. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी केलेलं हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. फाइल गेल्याचं लक्षात येताच त्या कार्डावर किंवा डिस्कवर आणखी काहीही सेव्ह करू नका, नाहीतर गेलेल्या डेटावर नवा डेटा लिहिला जाईल, अशी स्पष्ट ताकीद त्यांनी स्वतः दिली आहे. परत मिळालेल्या फाइलीसुद्धा त्याच कार्डावर ठेवायच्या नाहीत. फोटोरेक यादीकडे बघतच नाही. ते कार्ड टोकापासून टोकापर्यंत वाचतं आणि फाइलींच्या सुरुवातीची खूण शोधतं. जेपेगची खूण म्हणजे एफएफ, डी८, एफएफ हे तीन बाइट. म्हणजे त्याला यादीही लागत नाही आणि फॉरमॅटही लागत नाही. मग मारायचं कशासाठी? ज्याचं नाव घेऊन सल्ला देताय, त्याच्याच सांगण्याच्या बरोबर उलटा हा सल्ला आहे.

मग करायचं काय? शूट थांबवून कार्ड बाहेर काढायचं. दुसऱ्या कार्ड रीडरमध्ये, नाहीतर कॅमेरा थेट केबलने कॉम्प्युटरला लावून बघायचं. भाच्याचं कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये उघडलं, आधीचा रीडरच बिघडला होता. विंडोजने ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी खिडकी दाखवली तर कॅन्सल दाबायचं. मग पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, कॉम्प्युटरवर घ्यायची आणि रिकव्हरी त्या इमेजवर चालवायची. कार्ड कुठेच ओळखलं जात नसेल तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. ते काम चिप वाचणाऱ्या लॅबचं, आणि ते महाग आहे.

आता बाकीचे. चेकडिस्क फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींच्या यादीची व्यवस्था, दुरुस्त करतं, तुमचे फोटो नाही, आणि दुरुस्त करायला सांगितलं की कार्डावर लिहितं. तुटलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि फोटोंची नावं जातात. डेटा काढून झाल्यावर हवं तर चालवा, आधी नाही.

फ्रीझरची गोष्ट जुन्या हार्ड डिस्कवरून आली. तिच्यात फिरणारे भाग असतात, कार्डात एकही नाही. बाहेर काढल्यावर पिनांवर दव धरेल, एवढंच.

लॉकचं बटण म्हणजे प्लास्टिकची पट्टी. कार्डातल्या चिपला ती लावली आहे की नाही हे कळत नाही. रीडरच्या खाचेतला स्विच ते बघतो आणि मान द्यायचा की नाही हे रीडरच्या हातात असतं. लावा जरूर, पण तिच्या भरवशावर राहू नका. मायक्रो एसडीला तर ती पट्टीच नसते.

कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, हे बरोबर आहे. फक्त डेटा दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर.

राहिला ब्रँड. फ्लॅश मेमरीचे सेल लिहून-पुसून झिजतात, कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी चिप, खराब ब्लॉक बाजूला टाकत राहतो आणि कधीतरी तोच बंद पडतो. हे चांगल्या कंपनीच्या कार्डातही होतं. शिवाय ब्रँडेड म्हणून घेतलेलं कार्ड त्या ब्रँडचंच आहे कशावरून? बनावट कार्डात क्षमता खोटी सांगणारा कंट्रोलर बसवलेला असतो. वर २५६ जीबी, आत ३२. तेवढं भरेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि पुढचे फोटो कुठेच नसतात. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे मोफत प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात. नवं कार्ड आणलं की रिकामं असतानाच एकदा चालवा, लग्नाला नेण्याआधी.

आणि दोन स्लॉटचा, म्हणजे दोन कार्डं बसणारा, कॅमेरा असेल तर मेनू उघडून बघा. निकॉनमध्ये दुसऱ्या स्लॉटला ओव्हरफ्लो, बॅकअप आणि रॉ-जेपेग वेगवेगळे, असे पर्याय असतात. ओव्हरफ्लोवर असेल तर दुसरं कार्ड पहिलं भरेपर्यंत कोरंच राहतं. लग्नाला ते बॅकअपवरच हवं, म्हणजे तेच फोटो दोन्ही कार्डांवर जातात.