बोलतोय की!

भाऊ गाडीवरून पडला, डोकं आपटलं, आणि तुम्ही त्याला दवाखान्यात नेलंत. आता गुणी नातेवाईकासारखं वागा.

रात्री अडीचला तो शुद्धीवर येईल, चहा मागेल. ड्युटीवरचे डॉक्टर दारातूनच म्हणतील, "बोलतोय की! झोपू द्या." तुम्हीही कोपऱ्यात चादर अंथरा. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साठत असेल तर माणूस काही तास शहाण्यासारखा बोलतो आणि मग बेशुद्ध होतो, हे पुस्तकात आहे. पुस्तकं वॉर्डात आणायची नसतात. घोरायला लागला म्हणजे गाढ झोप. एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर ट्यूबलाईटचा दोष. सीटी स्कॅनचं तर नावही काढू नका, टेक्निशियन नऊला येतो.

सही मागतील तिथे ठोका, कोऱ्या फॉर्मवरसुद्धा.

भाऊ गेल्यावर केस पेपर लगेच मागू नका, बरं दिसत नाही. लेखी मागितला तर 72 तासांत द्यायचा नियम आहे. पण 72 तासांत लिहूनही बरंच होतं. हातात आला की कौतुकाने बघा. दोन वाजता 'पेशंट स्टेबल', तीनला 'पेशंट स्टेबल', चारला, पाचलाही. एकच पेन, एकच वळण, कुठे खाडाखोड नाही. रात्रभर जागणाऱ्याचं इतकं टपोरं अक्षर आमच्या शाळेतही कुणाचं नव्हतं.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं मिळतात. त्यातलं पहिलं 'गेलेला परत येणार आहे का?' असं विचारणाऱ्या काकांना द्या. निकाल शक्यतो तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. उपचारातल्या हलगर्जीपणाच्या कोलकात्याच्या खटल्यात कुणाल साहांची पत्नी 1998 मध्ये गेली आणि सुमारे सहा कोटींची भरपाई सुप्रीम कोर्टात ठरली 2013 मध्ये. साहा स्वतः डॉक्टर. तुम्ही पतपेढीत क्लार्क.

शिवाय तज्ज्ञाचं मत लागेल. गावातले न्यूरोसर्जन एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगतीला शेजारी बसतात, तेव्हा परगावचा गाठा. तो फाईल चाळेल, चष्मा काढेल आणि विचारेल, "रात्रीचा सीटी कुठाय?"

त्यालाही सांगा, टेक्निशियन नऊला येतो.