मीठपाण्याचा मेसेज पुन्हा फिरतोय

सोसायटीच्या ग्रुपवर परत आलाच तो. म्हणे, कुत्र्या-मांजराने नको ते गिळलं तर डॉक्टरकडे धावू नका. तीन चमचे मीठ पाण्यात कालवून पाजा, उलटीतून पडेल. नाही पडलं तर केळी चारा. दोरा दिसला तर ओढून काढा. कुत्र्याच्या पोटात हाडंसुद्धा विरघळतात, एक्स-रे म्हणजे पैसे उकळणं.

गिळलं काय, हे विचारायच्या आधीच औषध तयार!

आधी मिठाचं बघू. उलटी होईलच याची खात्री नाही. नाही झाली तर ते मीठ रक्तात उतरतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. जनावर थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. उलटी करवायची तर डॉक्टरांकडे औषधं असतात, पण वस्तू टोकदार नसेल आणि गिळून फार वेळ झाला नसेल तरच. रिमोटमधला बटणाएवढा सेल गेला असेल तर उलटी नकोच. ओल्या जागी टेकला की त्यातून वीज वाहते आणि तिथलं मांस भाजतं. अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत भोक पडू शकतं. मीठ काय, केळं काय, त्याला कशाचंच सोयरसुतक नाही.

दोऱ्याचा सल्ला मात्र सगळ्यात भयंकर. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकताच येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू ब्लाउज शिवतात. त्यांची मनी दोन दिवस जेवेना, नुसती लाळ गाळत कोपऱ्यात. डॉक्टरांनी जबडा उघडून जीभ वर उचलली, तर मुळाशी लाल दोऱ्याचा वेढा, मांसात रुतलेला. दुसरं टोक थेट आतड्यात. आतडं पुढे ढकलत राहतं, दोरा जागचा हलत नाही. मग नाडी ओढलेल्या परकरासारख्या चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा आतड्याला आतून कापत जातो. तोंडातून दिसो की मागून लोंबो, ओढलात की ते कापणं तुम्ही स्वतःच्या हाताने केलंत. मनीचं पोट उघडावं लागलं. वाचली.

हाडाचं अर्धं खरं आहे, कच्चं हाड पोटातल्या आम्लात बरंचसं विरघळतं. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाच्या मात्र टोकदार चिरफळ्या होतात. आणि मे महिन्यातली आंब्याची कोय, पावसाळ्यातला दाणे खाऊन फेकलेला कणसाचा दांडा, पायातला मोजा? आम्लाला ते दाद देत नाहीत.

एक्स-रे महाग पडतो, कबूल. पण त्यात धातू लख्ख दिसतो. कापड, रबर, कोय बऱ्याचदा धड दिसत नाही, म्हणून वर सोनोग्राफीही सांगतात. तेव्हा जाताना त्या जोडीतला उरलेला मोजा किंवा चावलेला रिमोट सोबत न्या, आत काय शोधायचं ते त्यांना कळतं. आणि वाटेत केळं नको. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.