ह्यातून बोध काय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

पुतणीच्या शाळेत कविता पाठांतर स्पर्धा होती. पोरगी दुसरीतली. इंग्रज कवी-चित्रकार एडवर्ड लिअरची दाढीवाल्या म्हाताऱ्याची कविता मीच तिला मराठीत करून दिली होती. दोन घुबडं, एक कोंबडी, चार चंडोल आणि एक चिमुकला रेन पक्षी त्याच्या दाढीत घरटी करतात. संपली कविता. "चार चंडोल" म्हणताना ती हनुवटीखाली चार बोटं नाचवत होती आणि समोरची पोरं लोळत होती. परीक्षकबाई म्हणाल्या, "छान, पण ह्यातून बोध काय?" पोरगी गप्प. गुण कापले.

अहो, बोध नाही हाच त्या कवितेचा जीव आहे!

लिअरचं 'अ बुक ऑफ नॉन्सेन्स' आलं १८४६ साली. तेव्हाच्या इंग्लंडात पोरांच्या पुस्तकांतून धाक आणि उपदेशच जास्त. हा बाबा नोझ्ली हॉल ह्या वाड्यावर, अर्ल ऑफ डर्बी ह्या उमरावाच्या संग्रहातले पशुपक्षी रंगवायला गेलेला, आणि घरातल्या मुलांसाठी चित्रं काढून यमकं जुळवत बसला. पोपट असे हुबेहूब काढायचा की बघत राहावं. व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिलेत त्याने. म्हणजे ती लांब नाकं, काटकुळे पाय येत नव्हतं म्हणून नव्हे, मुद्दाम काढलेत. पोरांसाठी.

त्याच्या कवितांत 'लोक' नावाची एक जमात सारखी येते. व्हाइटहेवनचा म्हातारा कावळ्याच्या जातीतल्या रेव्हनबरोबर नाचतो. लोक म्हणतात, ह्या पक्ष्याला असं डोक्यावर चढवणं बरं नव्हे, आणि म्हाताऱ्याला चेचून टाकतात. असलं लहान मुलांपुढे कशाला, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, म्हणा. पण आज परीक्षकाच्या खुर्चीवर मला तेच 'लोक' बसलेले दिसले. चार बोटं नाचवणारं पोर समोर उभं, आणि ह्यांना बोध हवा!

इसापनीतीला माझी ना नाही. मीही त्यावरच वाढलोय. पण प्रत्येक घासाला औषध कशाला?

आणि हे हसू कुठून आलं बघा. लिअरला लहानपणापासून फेफरं यायचं. जन्मभर त्याने ते लपवलं; डायरीत नुसत्या फुल्या मारून ठेवायचा. वर उदासीचे झटके. मोठ्या बहिणीने, अ‍ॅनने, वाढवलेलं पोर. एवढं सोसलेल्या माणसाकडे पोरांना ऐकवायला उपदेश कमी होता का? त्याने दाढीत घुबडं बसवली. लिहिताना माझा राग जरा निवळतोय खरा.

आपल्याकडेही आला होता तो. १८७४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची 'कमरबंद' ही कविता छापून आली. त्यात बाई धोब्यावर बसून संध्याकाळचा तारा बघते, खानसामे झाडांसारखे उंच वाढतात, आणि कमरबंद हा प्राणी शेवटी बाईला गिळतो! अटक मटक चवळी चटक म्हणणाऱ्या आपल्याला ह्यात परकं काय वाटावं? आजीला कुणी विचारलं होतं का, चवळीचा बोध काय म्हणून?

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आज रात्री घुबड आणि मांजरीची कविता वाचा. वाटाण्यासारखी हिरवी होडी, पाच पौंडांच्या नोटेत गुंडाळलेले पैसे, डुकराच्या नाकातली शिलिंगला घेतलेली अंगठी. चित्रं दाखवा. प्रश्न विचारू नका. पोर "पुन्हा" म्हणालं तर पुन्हा वाचा.