मशीन कोणतं घेऊ, याचं सरळ उत्तर कोणी देईल का?

पोळा आठ दिवसांवर आलाय, बागेत गवत कमरेला लागलंय आणि खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन, ग्रास कटर, गोठ्यात आडवं पडलंय. दोरी ओढून ओढून माझा उजवा खांदा वर होत नाही. हे दुसरं मशीन. पहिलं दोन पावसाळे चाललं, हे पहिल्याच पावसाळ्यात बसलं. दोन्ही वेळा मी दहा जणांना विचारून, चार दुकानं फिरून, रात्र रात्र व्हिडिओ बघून घेतलं होतं. तरी फसले. आता तिसऱ्यांदा कोणी मला "ताई, डोळे झाकून घ्या" म्हटलं, तर मी दुकानातच भांडणार आहे.

अंबड तालुक्यात आमची तीन एकर मोसंबी. १८ बाय १८ फुटांवर लावलेली, चारशेच्या आसपास झाडं. याआधीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात जळाली. टँकरनं पाणी आणून जगवायला बघितलं, नाही जगली. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडांना स्वतःच कुऱ्हाड लावली, ते मी बघितलंय. म्हणून या बागेत मी रोटाव्हेटर घालू देत नाही. मोसंबीची अन्न ओढणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. रोटाव्हेटर ती तोडतो आणि त्या जखमांतून डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगाची, बुरशी शिरते. तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं पानावर उडाला की झाड महिनाभर तोंड पाडून उभं राहतं. निंदायला बायका बोलवाव्यात तर त्याच वेळी सगळ्या गावाची कपाशी निंदायला आलेली असते. मग उरतं काय? गवत वरच्यावर कापायचं आणि तिथंच आच्छादन म्हणून पडू द्यायचं. त्यासाठी मशीन लागतं. हौस म्हणून कोणी घेत नाही हे.

मोंढ्यात गेलं की पहिला प्रश्न: "मालक नाही आले का?" अहो, सातबारा माझ्या नावावर, पैसे माझे, खांद्याला पट्टा मी अडकवणार. तरी मशीनची माहिती सांगताना दुकानदार माझ्याबरोबर आलेल्या बारावीतल्या पोराकडं बघून बोलतो. त्याला काय विचारायचंय? मला विचारू द्या ना!

आणि सांगतो तरी काय? लाल मशीन दाखवलं की "जर्मन टेक्नॉलॉजी". नारंगी दाखवलं की "जपानी टेक्नॉलॉजी". हिरवं असेल तर "यालाच सगळ्यात जास्त मागणी". एका खोक्यावर ५२ सीसी, दुसऱ्यावर ६८ सीसी, दोन्हीवर तीन हॉर्सपॉवर. मी ६८ वालं घेतलं, हजार रुपये जास्त देऊन. ते बंद पडल्यावर पोरानं आणि मी जुनं आणि नवं, दोन्ही खोलली. रंग वेगळा, नाव वेगळं, स्टिकर वेगळं, आणि आत इंजिनाच्या केसवर दोन्हीकडं एकच ठसा: १ई४४एफ. त्यातलं ४४ म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची धाव ३४ मिलिमीटर. पोरानं वहीवर गुणाकार केला, ५१.७ सीसी आलं. म्हणजे ६८ हा आकडा फक्त खोक्यावर! चीनमधून येणारं एकच इंजिन, इथं कोणीतरी आपल्या नावाचं स्टिकर चिकटवतो आणि त्याला ब्रँड म्हणतो. मग मी पंधरा दिवस कशात निवड करत होते? स्टिकरांत?

अमेरिकेतला माझा भाचा त्याच्या घरामागचं गवत झिरो टर्न मोअरवर बसून कापतो. त्या मशीनला स्टीअरिंगच नाही. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाक फिरवणारे पंप, दोन हातात दोन दांड्या, एक पुढं ढकलली आणि एक मागं ओढली की मशीन जागच्या जागी फिरतं. त्याला म्हटलं, तुमच्याकडं तरी बरं असेल. तर तो म्हणाला, मावशी, इथंही लोक रंगावरून भांडतात आणि झाकण काढलं की आत कावासाकी, कोहलर नाहीतर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचंच इंजिन निघतं. पण पुढं त्यानं जे सांगितलं त्यानं माझं डोकं जास्त तापलं. तिथं कोणतं इंजिन, कोणतं ट्रान्समिशन, खालचा डेक, म्हणजे पात्यांवरचं झाकण, पत्रा दाबून केलेला की जाड पाट्या जोडून केलेला, हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. सुटा भाग नंबर सांगून मागवता येतो. आपल्याकडं नंबर विचारला तर दुकानदार म्हणतो, "जुना पार्ट घेऊन या, बघू."

तो "बघू" तर मी भरपूर भोगलाय. गिअर हेड, म्हणजे नळीच्या टोकाला पातं फिरवणारा भाग, तो गेला. जालन्यात नवं घेतलं, घरी आणलं, बसेना. नळी २६ मिलिमीटरची की २८ ची, नळीतून फिरणाऱ्या शाफ्टला सात दाते की नऊ, हे बघून घ्यायचं असतं म्हणे. मला कोण सांगणार? ज्यानं विकलं त्यानंच सांगायला नको का? परत गेले, बदलून मिळेना, दुसरं घेतलं. दोन फेऱ्या, दोन दिवस, आणि मधल्या काळात पाऊस. काळ्या रानात पाऊस झाला की गवत आज टाचेला आणि आठ दिवसांत गुडघ्याला.

आता तेलाचं ऐका. या मशीनच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. लिटरला किती? एका दुकानात २० मिली. दुसऱ्यात ४० मिली. मेकॅनिक म्हणाला १०० मिली टाका, इंजिन थंड राहतं. तेल कमी पडलं तर पिस्टन चरे पडून जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर चोंदतो. तिघांनी तीन प्रमाणं सांगायची आणि मशीन बसलं की वॉरंटीवाल्यानं छातीठोक सांगायचं, "मिश्रण चुकलंय, यात वॉरंटी बसत नाही." अरे, मग बरोबर मिश्रण टाकीवर मराठीत ठळक लिहा! पुस्तिका इंग्रजी आणि चिनीत, अक्षरं मुंगीएवढी.

त्यात पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल राहिलं की पाणी तळाला बसतं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरचा आतला पातळ पडदा खराब होतो. काम झालं की टाकी रिकामी करायची आणि आतलं उरलेलं संपेपर्यंत मशीन चालू ठेवायचं, एवढी साधी गोष्ट मला दुसरं मशीन बसल्यावर कळली, तीही शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडून. आठ हजारांचं मशीन विकणाऱ्याला हे एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

म्हणे चांगलंच घ्या, स्टिल (Stihl) कंपनीचं घ्या, होंडाचं फोर-स्ट्रोक घ्या. फोर-स्ट्रोकमध्ये तेल मिसळायची भानगड नाही, ते वेगळं भरायचं, हे मलाही माहीत झालंय आता. पण पैसे तिप्पट-चौपट. म्हणून महाडीबीटीवर, सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला. यांत्रिकीकरणात महिला शेतकऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, कमाल मर्यादेत. चांगली योजना आहे, मी नाही म्हणत नाही. पण आधी पूर्वसंमती यायची वाट बघा, मग यादीत बसणारं, तपासणी अहवाल असलेलंच मॉडेल शोधा, आणि ते शोधून दुकानात गेलात की तोच माणूस विचारतो, "रोखीनं की अनुदानात?" अनुदानात म्हटलं की त्याच मशीनचा भाव वर! माझ्या तोंडावर दोन भाव सांगितले त्यानं. शेतकऱ्याला मिळणारा पैसा मधल्यामध्ये खायचा आणि वर "ताई, तुमचा फायदाच आहे" म्हणायचं.

व्हिडिओवाल्यांना तर काय बोलू. नवं कोरं मशीन, दहा मिनिटं कोवळं गवत कापायचं आणि "एक नंबर" म्हणायचं. आमच्या हराळीत लावून दाखवा. बांधावरच्या गाजरगवताच्या बोटभर जाड खोडांत लावून दाखवा. ठिबकची नळी न तोडता, खोडाची साल न सोलता झाडाच्या बुडाशी चालवून दाखवा. दोन वर्षांनी परत त्याच मशीनची दोरी ओढून दाखवा. तसा एकही व्हिडिओ मला सापडला नाही.

उद्या सकाळी गावातल्या चार बायका यायला तयार झाल्यात, चारशे रुपये रोज आणि न्यायला-आणायला रिक्षा. जिथं फळाचा भार जास्त आहे तिथल्या ओळी आधी घेणार, बाकीचं बघू.

आणि ज्यांच्याकडं कापायचं मशीन खरोखर तीन पावसाळे चाललंय, त्यांनी मला ब्रँडचं नाव सांगू नका. इंजिनावरचा ठसा सांगा. नळी किती मिलिमीटरची, शाफ्टला किती दाते, तेल लिटरला किती टाकता आणि कार्बोरेटरचा पडदा शेवटचा कुठून आणलात, ते सांगा. जालना, बीड, संभाजीनगर, कुठलंही दुकान असू द्या, मी जाईन.